पोटात तुटणं

वृषाली घोरपडेचे रिपोर्ट इतके चांगले यायचे, की ते कोणाला दाखवायची तिला चोरी झाली होती.

रक्तातली सूज मोजणारे सगळे आकडे जागच्या जागी होते. सोनोग्राफीत एकाही सांध्यात पाणी नव्हतं. आमवाताची नवी औषधं तिला बावन्नाव्या वर्षी अशी लागू पडली, की स्वतःच्याच सांध्यांवर उठलेलं तिचं शरीर गपगुमान बसलं. जयसिंगपूरच्या त्यांच्या गल्लीत 'वृषाली बरी झाली' हे सर्वांना कळलं होतं. पटलं नव्हतं ते एकट्या वृषालीला, कारण तिचे हात दुखत होते. सकाळी बोटांत ठणका, दुपारी मनगटांत रग, संध्याकाळी खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या आणि आग. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. आता हुक लावायला बसली, की तिसऱ्या हुकाला सुई हातातून गळायची.

नणंद तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, रिपोर्टात नाही, मग दुखतंय कुठं?" तिला चांगलं सुनवावं म्हणून वृषालीने तोंड उघडलं, तर जबडाच दुखला. नणंद तेवढ्यावर वाचली.

मिरजेच्या डॉ. फरहाना मुजावर यांनी मात्र तिला 'मनाचं आहे' म्हणून घरी पाठवलं नाही. त्यांनी कागदावर एक हात काढला, हातापासून डोक्यापर्यंत रेघ ओढली आणि सांध्यावर फुली मारली.

"इथली आग औषधांनी विझवलीय, वृषालीताई. पण दहा वर्षं या वाटेवरून सारखी ओरड चालली होती. त्या ओरडीने वाटेतल्या पेशी हुळहुळ्या झाल्या. आता साधा धक्का लागला तरी त्या वर कळवतात, आग लागली म्हणून. आणि मेंदू सवयीने ते खरं मानतो."

"म्हणजे मला भास होतोय म्हणा की."

"अजिबात नाही. भोंगा खराच वाजतोय, आग तेवढी नाही. आमवाताच्या कितीतरी पेशंटना हे होतं. अशा वेळी सुजेच्या गोळ्या वाढवून काय उपयोग? सूजच नाही तर गोळी उतरवणार काय?"

मग व्यायाम झाला, झोपेचं वेळापत्रक झालं, नसांच्या गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं. प्रत्येकाने थोडा थोडा आराम पडला आणि ठणका उरलाच. तेव्हा डॉक्टरांनी 'निर्वेद'चं नाव काढलं.

निर्वेद हे शर्टाच्या बटणाएवढं यंत्र होतं. कानामागे कातडीखाली बसायचं. वेदना नाही तो निर्वेद, असा विचार करून कंपनीत कोणीतरी ते नाव ठेवलं असणार. त्या गृहस्थाने शब्दकोश उघडला असता तर निर्वेद म्हणजे कशातच मन नसणं, हे त्याला दिसलं असतं. पण शब्दकोश उघडायला हल्ली सवड असते कोणाला!

यंत्राची कल्पना सोपी होती. दुखतं तेव्हा मेंदूत विजेच्या बारीक लाटा उठतात. यंत्र त्या ओळखायचं आणि उलटी, सौम्य लाट सोडून त्यांना जागेवर निजवायचं. काही आठवड्यांत मेंदूलाच निजून राहायची सवय लागायची. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या दुखण्याची लाट निराळी. वृषालीच्या ठणक्याची लाट कोणती, हे वृषालीशिवाय कोण सांगणार? म्हणून आधी सहा आठवड्यांची शिकवणी असायची. यंत्र बसवलं की गळ्यात त्याला जोडलेलं लॉकेट घालायचं आणि दुखलं की बोलायचं. बोललेला शब्द आणि त्या क्षणीची लाट यंत्र एकत्र बांधून ठेवायचं.

"तुमच्या रोजच्या भाषेत बोला," डॉक्टरांनी बजावलं. "लपवू नका, संकोच करू नका. जे जे दुखेल ते सांगा."

वृषाली शब्दाला पक्की बाई. तिने जे जे दुखलं ते ते सांगितलं.

"बोटात ठणकतंय," म्हटलं की लॉकेटमधून मंजुळ आवाज यायचा, "दहापैकी किती?" ती म्हणायची, "सहा." मग लॉकेटवर हिरवा ठिपका चमकायचा. दुखण्याची इतकी आपुलकीने चौकशी तिच्या सासरी आजवर कोणी केली नव्हती. तिला ते लॉकेट आवडायलाच लागलं.

शिकवणीच्या तिसऱ्या आठवड्यात ईश्वरी आली. ईश्वरी ही तिची एकुलती एक लेक, हैदराबादला नोकरी करणारी. तीन वर्षांच्या उपचारांनंतर तिला दिवस गेले होते आणि चौथा महिना चालू होता. आठ दिवस राहिली, आईच्या हातचं पिठलं खाल्लं, ओकली, परत खाल्लं. निघताना मिरज स्टेशनवर गाडीच्या काचेतून तिने हात हलवला. गाडी हलली तशी वृषाली पुटपुटली, "पोटात तुटतंय गं बाई."

"कुठे?" लॉकेटने विचारलं.

"पोटात."

"दहापैकी किती?"

वृषालीने पदराने डोळे टिपले. "नऊ," ती म्हणाली. हिरवा ठिपका चमकला.

घरी येऊन ईश्वरीने अर्धवट टाकलेली पिठल्याची वाटी बघितली तेव्हा ती म्हणाली, "जीव तुटतो." लेकीला ऑफिसात चक्कर आल्याचं फोनवर कळलं तेव्हा म्हणाली, "काळजात चर्र झालं." एकदा तर काहीच झालं नव्हतं, नुसता ईश्वरीच्या लहानपणीचा फ्रॉक कपाटात सापडला. तरी आतड्याला पीळ पडला, आणि तिने तोही इमानेइतबारे सांगून टाकला. दुखणं ते दुखणं. इंग्रजीत विचार करणाऱ्यांनी बनवलेल्या यंत्राला मराठी बाईचं काळीज, आतडी आणि पोट काय काय कामं करतात हे ठाऊक नव्हतं. आणि मराठी बाईला, पोटात तुटतं तेव्हा ते पोटात नसतं, हे कधी वाटलंच नव्हतं.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी यंत्र चालू केलं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, कोणीतरी घरातला पंखा बंद केलाय. इतकी वर्षं तो गरगरत होता हे बंद झाल्यावर कळलं. चौथ्या दिवशी तिने एका बैठकीत दोन ब्लाऊजांचे हुक लावले. आठवड्याने शेजारणीला बरणीचं झाकण उघडून दिलं आणि परत घट्ट लावून पुन्हा उघडून दाखवलं. नवरा सुहास साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब माणूस. तो महिन्याभराने म्हणाला, "अगं, तू किती दिवसांत माझ्यावर ओरडली नाहीस. बरी आहेस ना?"

"छान आहे की," वृषाली म्हणाली. खरंच छान होतं. सगळं एकसारखं, इस्त्री केल्यासारखं छान होतं.

ईश्वरीला सहावा महिना लागला होता तेव्हा जावयाचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं. वृषालीने नीट ऐकून घेतलं, ईश्वरीची तब्येत विचारली, फोन ठेवला आणि मशीनवर होती ती बाही पूर्ण केली. मग आत जाऊन सुहासला सांगितलं. तो मटकन खाली बसला. त्याच्यासाठी पाणी आणताना तिच्या मनात आलं, याला एवढं काय झालं?

पंधरा दिवसांनी ईश्वरी माहेरी आली. चेहरा उतरलेला, अंगात ढगळ कुर्ता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि ईश्वरीने नवऱ्यालाही धडपणे सांगितलं नव्हतं ते आईला सांगितलं.

"गुरुवारी सकाळपासून हालचाल नव्हती. मला वाटलं झोपलंय. डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली ना, तेव्हाच मला समजलं. मग सगळं झाल्यावर नर्स आली. म्हणाली, 'बघायचंय का?' मी..." ईश्वरी थांबली. खूप वेळ थांबली. गॅसवरचं दूध वर आलं आणि वृषालीने उठून गॅस बारीक केला. "मी नाही म्हटलं, आई. अर्ध्या तासाने हो म्हटलं, तर नेलं होतं."

"बरं केलंस," वृषाली म्हणाली. "बघून काय करणार होतीस? जा, अंघोळ करून घे. पाणी तापलंय."

ती रागाने बोलली नव्हती. उलट तिला वाटलं, आपण समजुतीचं बोललो. ईश्वरी मात्र कोणीतरी थोबाडीत मारावी तशी बघत राहिली.

चार दिवस वृषालीने लेकीचं सगळं केलं. डिंकाचे लाडू केले, पाठीला तेल लावलं, गोळ्यांच्या वेळा पाळल्या. एखाद्या चांगल्या परिचारिकेने केलं असतं तसं चोख केलं. पाचव्या दिवशी ईश्वरी बॅग भरून उभी राहिली.

"आई, तुला काहीच वाटत नाही का गं?"

वृषालीने खरंच शोधून पाहिलं. दात काढल्यावर जीभ जशी रिकाम्या जागी जाते, तशी ती आत जाऊन आली. तिथे गुळगुळीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "वाटायला पाहिजे हे समजतंय मला. पण नाही वाटत."

ईश्वरी गेली. महिनाभर तिचा फोन आला नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीला डॉ. मुजावर यांनी नेहमीप्रमाणे यंत्राच्या नोंदी उघडल्या. ठणका, रग, मुंग्या, आग यांतून खाली येता येता त्यांचं बोट थांबलं. नऊ किंवा त्याहून वरच्या अकरा नोंदी होत्या आणि एकीतही हाताचं नाव नव्हतं. त्यांनी पहिली लावली. मिरज स्टेशनचा गलका ऐकू आला आणि त्यात वृषालीचा आवाज, "पोटात तुटतंय गं बाई."

डॉक्टर मूळच्या सोलापूरच्या, मराठीतच वाढलेल्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, ईश्वरीचं काय झालं?"

वृषालीने सांगितलं. वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं सांगितलं.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी म्हटलं, जे दुखेल ते सांगा. हाताचं दुखणं आणि माणसासाठी दुखणं, मेंदूत दोन्ही शेजारी शेजारीच उठतात. तुम्ही दोन्हींना दुखणंच म्हणालात. यंत्राने ऐकलं आणि दोन्ही निजवली."

"मग हे एवढं वेगळं काढता येईल?"

"नुसतं पुसता येत नाही. एकत्र शिकलंय ते. यंत्र बंद करायचं, हातांचं दुखणं परत येऊ द्यायचं. मग हे दुसरंही कधीतरी उठेल. उठलं की मी त्यावर खूण करणार, 'हे निजवायचं नाही' म्हणून. अशा तीन खुणा झाल्या की यंत्र पुन्हा चालू. हात बरे राहतील आणि हेही राहील. पण ते उठावं लागेल, आणि ज्याच्यासाठी उठायला हवं होतं तिथूनच सुरुवात करावी लागेल. म्हणजे ईश्वरीला इथे येऊन सांगावं लागेल." "तुम्हाला ते परत हवंय का, ताई?"

वृषाली आपल्या हातांकडे बघत राहिली. गेले तीन महिने ते हात तिचं ऐकत होते.

"खरं सांगू? हवंसं काही वाटत नाही. पण पोरीने महिनाभर फोन केला नाही आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. शेजारणीचं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, या बाईला आधी दवाखान्यात न्या. तसंच समजा. मी शेजारीण आहे आणि या बाईला घेऊन आलेय."

फोन तिनेच लावला. काय झालं ते सांगितलं. पलीकडून ईश्वरी म्हणाली, "म्हणजे तू तशी नव्हतीस." तिच्या आवाजात सुटकाही होती आणि संतापही. "किती वेळा सांगावं लागेल?"

"उठेपर्यंत," वृषाली म्हणाली.

यंत्र बंद झालं. सहाव्या दिवशी बोटांत ठणका आला, दहाव्या दिवशी मनगटं गेली आणि दोन आठवड्यांत सगळं बिऱ्हाड सामानासकट परतलं. सुई पुन्हा गळायला लागली. कपाळाला मेंदूतल्या लाटा टिपणाऱ्या चार चकत्या लावून वृषाली दवाखान्याच्या खोलीत बसली, समोर ईश्वरी, बाजूला पडद्यावर रेघा बघणाऱ्या डॉक्टर.

पहिल्या दिवशी ईश्वरीने सांगितलं आणि 'बघायचंय का'पाशी येऊन ती रडली. वृषालीचं मनगट दुखलं, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशीही ईश्वरी रडली, पण लवकर सावरली. तिसऱ्या दिवशी तिने पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, स्क्रीन वळवली त्याच्या आधीचं जरा सावकाश सांगता का? ईश्वरीने ते सावकाश सांगितलं. पडद्यावर हातांच्या दुखण्याचे डोंगर उठत होते आणि त्यांच्याशेजारी एक सपाट रेघ चालली होती. वृषाली लेकीच्या तोंडाकडे बघत होती आणि खोटं वाटू नये म्हणून मानही हलवत नव्हती.

पाचव्या दिवशी ईश्वरीने खुर्चीत बसता बसताच सुरुवात केली.

"गुरुवारी सकाळपासून हालचाल नव्हती मला वाटलं झोपलंय डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली मग नर्स आली म्हणाली बघायचंय का मी नाही म्हटलं अर्ध्या तासाने हो म्हटलं तर नेलं होतं." श्वास घेऊन ती डॉक्टरांकडे वळली. "आज काही आलं का?"

बस आली का विचारावं, तसं तिने विचारलं.

वृषाली तिच्याकडे बघत होती. स्वयंपाकघरात दूध वर येईपर्यंत जिथे ही पोर थांबली होती, तिथे आता ती थांबत नव्हती. खाचखळगा बुजवून रस्ता करावा तसं झालं होतं, आणि तो रस्ता आईसाठी केला होता. वृषालीच्या बेंबीच्या वर काहीतरी ताणलं गेलं. तिला वाटलं, जेवण अडलं असेल. मग ते तटकन तुटलं.

"आलं!" डॉ. मुजावर खुर्चीतून उठल्याच. "ताई, आलं! कुठे?"

वृषालीने पोटावर हात ठेवला. डॉक्टरांनी खूण केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एक झाली. आणखी दोनच. ईश्वरी, पुन्हा एकदा पहिल्यापासून, लगेच. हे सुटायच्या आत."

ईश्वरी घोटभर पाणी प्यायली. "गुरुवारी सकाळपासून हालचाल..."

"बास," वृषाली म्हणाली.

"ताई, दोनदाच फक्त. आणखी दोन खुणांशिवाय यंत्र चालू करता येणार नाही. केलं तर हेही परत निजेल. आणि नाही केलं तर हात..."

"माहितीये मला. राहू द्यात हात."

"वेडी आहेस का तू, आई?" ईश्वरी म्हणाली. "इतकं सगळं केलं आपण. सांगते की मी. मला आता काहीच होत नाही सांगताना."

"म्हणूनच नको," वृषाली म्हणाली.

तिने कपाळाची चकती काढायला हात उचलला, पण बोटं वळेनात. नखाने कड उचलायला गेली आणि कोपरापर्यंत कळ आली. ईश्वरी उठली, "थांब, मी काढते," म्हणत आईसमोर उभी राहिली आणि वाकून एक एक चकती सोडवू लागली. तिचा चेहरा अगदी जवळ होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एवढ्या दिवसांत वृषालीला ते दिसलं होतं, आज ते सोसवेना.

"ईश्वरी, का नाही म्हणालीस गं तेव्हा? बघायला?"

ईश्वरीचा हात चकतीवरच थांबला. नवऱ्याने हे विचारलं नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, पाच दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं. ती उत्तर द्यायला गेली आणि तिला पुढचा शब्द सापडेना. वृषालीने न वळणारे दोन्ही हात तिच्या कमरेभोवती टाकले आणि तिला जवळ ओढलं. हात इतके दुखले, की तिला दात आवळून धरावे लागले. तिने मिठी सोडली नाही.

"घाई नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पडदा बंद केला आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भीती वाटली," खूप वेळाने ईश्वरी म्हणाली, "बाळ तुझ्यासारखं दिसत असेल तर, आई."